रोजच्या दोन राशी, एक आलेख : मापं कशी घ्यायची, रेघ कुठून न्यायची

तिरपी_रेघ

दोन राशी एकमेकींवर कशा अवलंबून आहेत हे दाखवायचं तर आलेखाला पर्याय नाही. पण बहुतेकांचा आलेख "दिलेले बिंदू स्थापन करा, रेषा काढा" इथेच अडकून पडलेला असतो. या धाग्यात घरबसल्या मोजता येतील अशा जोड्या जमवूया : माप कसं घ्यायचं, आलेखाचा आकार कसा येतो, का येतो आणि कुठे फसतो. आकडे आणि एककं मात्र हवीतच.

सुरुवात अगदी बाळबोध जोडीने करतो. एकात एक बसणारे पेले घ्या. आडव्या अक्षावर पेल्यांची संख्या, उभ्या अक्षावर चळतीची उंची. समजा एक पेला ११ सेंमी उंच आहे आणि प्रत्येक नवा पेला आधीच्यातून १.२ सेंमी वर डोकावतो. मग मापं अशी येतील :

१ पेला : ११.० सेंमी
२ पेले : १२.२ सेंमी
५ पेले : १५.८ सेंमी
१० पेले : २१.८ सेंमी

सगळे बिंदू एका सरळ रेषेत येतात. चढ = (२१.८ − ११.०) ÷ ९ = १.२ सेंमी दर पेला, म्हणजे काठाचा वर दिसणारा भाग. आता रेषा मागे वाढवून उभ्या अक्षापर्यंत नेली तर ती ९.८ वर कापते. शून्य पेल्यांची चळत ९.८ सेंमी उंच कशी? ही पेल्याच्या काठाखालच्या, म्हणजे दुसऱ्यात बुडून जाणाऱ्या भागाची उंची. चढ हा एक भाग, अंतःखंड (रेषा उभ्या अक्षाला जिथे कापते तो आकडा) हा दुसरा, दोन्ही मिळून अख्खा पेला. ३० सेंमीच्या फळीत किती मावतील? (३० − ९.८) ÷ १.२ = १६.८, म्हणजे १६.

या आलेखात बिंदू सलग रेषेने जोडू नका. अडीच पेले ही गोष्टच नाही. कल दाखवायचाच असेल तर तुटक रेषा.

मोजपट्टी

छान जोडी निवडलीत. त्यात एक भर. संख्या दुप्पट केली की उंची दुप्पट होत नाही (५ ला १५.८, १० ला २१.८), म्हणून हे समचलन नव्हे. "सरळ रेषा आली म्हणजे समप्रमाण" हा गैरसमज फार खोलवर आहे. समप्रमाण म्हणायला रेषा सरळ तर हवीच, शिवाय आरंभबिंदूतून जायला हवी.

आणि कागदी पेले असतील तर ते दाबू नका. चळत वाढते तसे खालचे पेले वरच्यांच्या वजनाने आणखी रुततात आणि शेवटचे बिंदू रेषेच्या जरा खाली पडतात. ती चूक मोजणाऱ्याची नाही, वस्तूचाच तो गुण आहे. बिंदू "दुरुस्त" करून रेषेवर आणू नयेत.

पट्टीबद्दल एक. पुष्कळ पट्ट्यांचं शून्य टोकाला नसतं, २ ते ५ मिमी आत असतं. पट्टी टेबलावर उभी टेकवून मापलं की तेवढ्या मिमीने प्रत्येक माप कमी येतं. सगळी मापं सारखीच कमी, त्यामुळे चढ बरोबर येतो आणि अंतःखंड चुकतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

शून्यापासून

हाताने आलेख काढताना कुठे घसरतात ते लिहितो, कारण स्प्रेडशीटमध्येही हेच निर्णय घ्यावे लागतात, फक्त ते आपल्या नकळत घेतले जातात.

कोणती राशी आडवी? जी आपण ठरवून बदलतो किंवा जी आपोआप पुढे सरकते (बहुधा वेळ) ती आडव्या अक्षावर. तिच्यामुळे जी बदलते ती उभ्या. हा नियम नाही, संकेत आहे. पण उलटं केलंत तर चढाचा अर्थ उलटतो : "दर मिनिटाला किती लिटर"ऐवजी "दर लिटरला किती मिनिटं".

प्रमाण : मापांचा पल्ला काढा आणि कागदाच्या सेंटिमीटरने भागा. तापमान ३५ ते ८५, म्हणजे पल्ला ५०. आलेख कागद २५ सेंमी उंच असेल तर १ सेंमी = २ अंश. नेमकं बसलं. पल्ला ४२ असता तर ४२ ÷ २५ = १.६८. इथे १.६८ घ्यायचं नाही, वरच्या सोयीच्या आकड्यावर जायचं, म्हणजे पुन्हा २. सोयीचे आकडे तीनच : १, २, ५ आणि त्यांच्या दहापटी-शंभरपटी. ३ किंवा ७ घेतलंत की एका मिमीला ०.३ किंवा ०.७ पडतात. मग ४६.४ चा बिंदू शोधताना प्रत्येक वेळी डोक्यात भागाकार, आणि त्यातच चुकीचे बिंदू पडतात. बिंदूंनी कागदाची निम्म्याहून जास्त लांबी-रुंदी व्यापली पाहिजे. कोपऱ्यात गोळा झालेल्या बिंदूंतून कोणतीही रेषा "बरोबर" दिसते.

बिंदू : बारीक टोकाच्या पेन्सिलीने छोटी फुली, किंवा ठिपका आणि भोवती छोटं वर्तुळ. जाड ठिपका अर्धा-एक मिमी खातो, आणि त्यावरून रेषा गेली की तो दिसेनासा होतो.

रेषा : पारदर्शक पट्टी घ्या, म्हणजे खालचे बिंदूही दिसतात. पट्टी अशी ठेवा की दोन्ही बाजूंना साधारण सारखे बिंदू राहतील, आणि ते संपूर्ण लांबीभर विखुरलेले असतील. आधी सगळे वर आणि मग सगळे खाली असतील तर पट्टी तिरकी बसली आहे, किंवा मुळात नातं सरळ नाही. अजून एक आधार : दोन्ही राशींच्या सरासरींचा बिंदू काढा आणि रेषा त्यातून न्या. किमान वर्ग पद्धतीची (बिंदूंपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी) रेषाही त्यातूनच जाते.

चढ : दोन बिंदू रेषेवरचे घ्या, मोजलेले नव्हेत. आणि लांबलांबचे. जवळचे घेतले तर अर्ध्या मिमीची वाचनचूक चढ पार बिघडवते.

नवखा_क्ष

खूप उपयोगी. दोन शंका. वेळेसाठी १ सेंमी = ४ मिनिटं चालेल का? आणि दोन्ही अक्ष शून्यापासूनच सुरू करायला हवेत का?

शून्यापासून

४ चालतं, एका मिमीला ०.४ पडतात. तुमची सगळी मापं २ किंवा ४ च्या पटीत असतील तर खुशाल घ्या. मध्येच ७ किंवा १३ मिनिटांचं माप आलं की वैताग येईल.

शून्याबद्दल माझं मत माझ्या नावातच आहे : शक्यतो शून्यापासून. अक्ष मध्येच सुरू केला की २ टक्क्यांचा फरक डोंगराएवढा दिसतो.

ठिपकेवाली

इथे मी असहमत. स्तंभालेखाला शून्य लागतंच, कारण तिथे डोळा स्तंभाची लांबी वाचतो. निम्मी लांबी कापली की गुणोत्तर खोटं झालं. बिंदूंच्या आलेखात डोळा जागा आणि चढ वाचतो, लांबी नाही. तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढून बघा : ३७ आणि ३९.५ मधला फरक दिसणारसुद्धा नाही, आणि नेमकी तीच तर बातमी आहे.

माझा नियम असा : "ही राशी त्या राशीच्या प्रमाणात आहे" किंवा "अंतःखंड अमुक आहे" असा दावा असेल तर आरंभबिंदू दिसलाच पाहिजे. फक्त बदल दाखवायचा असेल तर अक्ष मध्येच सुरू करा, पण अक्षाच्या सुरुवातीला नागमोडी खूण करा आणि आकडे ठळक लिहा.

शून्यापासून

तापाच्या तक्त्याचा मुद्दा मान्य. नागमोडी खुणेची अट मात्र सोडू नका. स्प्रेडशीट ती आपणहून घालत नाही, आणि अक्ष कुठून सुरू करायचा हेही स्वतःच ठरवते.

घडा_रिकामा

वक्र येणारी एक जोडी देतो. बादलीत एकेक लिटर पाणी ओतत जा आणि दर वेळी पातळी मोजा. तळाशी निमुळती, वर रुंद अशी नेहमीची बादली घ्या. समजा तळाचा व्यास २० सेंमी, तोंडाचा ३०, उंची ३०.

तळाशी क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौ. सेंमी, म्हणून तिथे एक लिटर पाण्याने पातळी जवळपास ३.२ सेंमी चढते. तोंडाशी क्षेत्रफळ ७०७, तिथे तेच लिटर जेमतेम १.४ सेंमी. पाणी (लिटर) आडवं आणि पातळी (सेंमी) उभी घेतली तर वक्र सुरुवातीला चढा, पुढे आडवा पडत जातो. कोणत्याही जागी वक्राचा चढ म्हणजे त्या उंचीवरच्या क्षेत्रफळाचा व्यस्त. म्हणजे भांडं न बघता नुसत्या आलेखावरून त्याचा आकार सांगता येतो.

याच बादलीत साधारण १४.९ लिटर मावतं. पण १५ सेंमीला, म्हणजे निम्म्या उंचीला, पाणी फक्त ६ लिटर असतं. "अर्धी बादली" म्हणजे प्रत्यक्षात ४० टक्के. वरून निमुळत्या होत जाणाऱ्या भांड्यात नेमकं उलट : वक्र वर वर चढा होत जातो. बाटलीत तीन तुकडे दिसतात : सरळ भागात सरळ रेषा, खांद्यापाशी वाकण, मानेत पुन्हा सरळ पण खूप चढी रेषा.

काळजी दोन गोष्टींची. तळ आतून उचललेला असतो, त्यामुळे पहिलं माप बहुधा रेषेबाहेर पडतं. ते टिपून ठेवा, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि पट्टी तिरपी धरली तर माप नेहमी जास्तच येतं, कधीच कमी नाही. त्यामुळे दहा मापांची सरासरी घेऊनही ही चूक जात नाही.

तिरपी_रेघ

याला जोडून : तीच बादली नळाखाली ठेवली आणि वेळ विरुद्ध लिटर असा आलेख काढला तर (धार कायम असेल तर) सरळ रेषा येते, वेळ विरुद्ध पातळी काढला तर वक्र. घटना एकच, आलेख दोन. त्यामुळे आलेख हातात आला की आधी अक्षांवरची नावं वाचायची, आकार नंतर. सायकल चढावर गेली की आलेखही वर जाणार असं मानणारे पुष्कळ असतात. आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे.

घडा_रिकामा

अगदी. आणि धार कमीजास्त होत असेल तर वेळ विरुद्ध धार (लिटर दर मिनिट) असा आलेख काढा, त्याच्या वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण पाणी. चौकोन मोजूनही काढता येतं. ही कल्पना जुनी आहे : चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने बदलता वेग उभ्या रेघांनी दाखवला होता आणि त्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर असं मांडलं होतं. देकार्तची निर्देशक भूमिती १६३७ ची, म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

कोमट

गरम पाणी थंड होताना : वेळ आणि तापमान. सगळ्यांना माहीत असलेली जोडी, पण बहुतेक जण ती अर्धवट करतात.

खोली २५ अंश, पाणी ८५ पासून सुरू. आदर्श परिस्थितीत (मिनिटाला फरकाच्या ३ टक्के या दराने) तापमान असं उतरेल :

० मि. : ८५.०
५ मि. : ७६.६
१० मि. : ६९.४
२० मि. : ५७.९
३० मि. : ४९.४
४० मि. : ४३.१
६० मि. : ३४.९

पहिल्या पाच मिनिटांत ८.४ अंश, शेवटच्या वीस मिनिटांतही ८.२ च. तापमानाऐवजी खोलीच्या तापमानाशी असलेला फरक बघा : ६० चा ३० व्हायला सुमारे २३ मिनिटं, ३० चा १५ व्हायलाही २३. म्हणजे दर २३ मिनिटांनी फरक निम्मा. फरकाचा लॉग (लघुगणक) घेऊन आलेख काढला तर सरळ उतरती रेषा मिळते.

आता प्रत्यक्षात काय बिघडतं. उघड्या भांड्यात पहिल्या काही मिनिटांचे बिंदू या सरळ रेषेच्या वर राहतात आणि रेषेपेक्षा जास्त तीव्रतेने उतरतात, कारण गरम पाण्याची वाफ खूप उष्णता नेते आणि तापमान उतरतं तसा तिचा वाटा झपाट्याने घटतो. झाकण ठेवा (तापमापीपुरतं भोक), रेषा बरीच सुधारते. दुसरं : खोलीचं तापमान गृहीत धरू नका, मोजा. २५ ऐवजी २८ धरलंत तर सुरुवातीला फारसा फरक पडत नाही, पण शेवटी ३४.९ च्या जागी फरक ९.९ चा ६.९ होतो आणि लॉगच्या आलेखाचं शेपूट खाली वाकतं. शेपूट वाकलं की पहिला संशय खोलीच्या आकड्यावर घ्यायचा.

मापं सारख्या अंतराने घेण्याचा हट्टही सोडा. जिथे बदल वेगाने होतो तिथे दाट, पुढे विरळ. वाचण्याआधी पाणी हलवा. वरचं आणि तळाचं पाणी सारखं गरम नसतं.

नवखा_क्ष

हेच आकडे स्प्रेडशीटमध्ये घातले तर ४० आणि ६० मधलं अंतर ० आणि ५ एवढंच दिसतंय. वक्राचा आकारच वेगळा आलाय. काय चुकतंय?

ठिपकेवाली

तुम्ही लाइन चार्ट निवडलाय. त्यात आडव्या अक्षावरचे आकडे नुसती लेबलं असतात, एकामागून एक सारख्या अंतरावर मांडलेली. ०, ५, १०, २०, ३०, ४०, ६० असोत की सोमवार, मंगळवार, बुधवार, त्याला सारखंच. दोन राशींचं नातं दाखवायचं तर कायम स्कॅटर (सुट्या ठिपक्यांचा आलेख). दोन स्तंभ शेजारी ठेवा, डावीकडे आडव्या अक्षाची राशी, दोन्ही निवडा, मग इन्सर्ट, चार्ट, स्कॅटर. आणि "रेषांनी जोडलेला स्कॅटर" नको, नुसते ठिपके.

याच ओघात आणखी दोन सापळे. सेलमध्ये "५ मि." असं एककासकट लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. ओळखायची खूण म्हणजे तो सेलच्या डाव्या कडेला चिकटतो (आकडे उजवीकडे असतात). अशा स्तंभाचा स्कॅटर काढला तर वेळेच्या जागी १, २, ३ येतात. एकक स्तंभाच्या मथळ्यात लिहा.

दुसरा सापळा जास्त वाईट, कारण आलेख दिसायला नीट येतो. १:३० असं लिहिलं की स्प्रेडशीट ते दीड तास समजते, तुम्हाला दीड मिनिट म्हणायचं असलं तरी. आणि आत ते दिवसाच्या अंशात साठवते : दीड तास म्हणजे ०.०६२५. त्यामुळे ट्रेंडलाइनचा (स्प्रेडशीटने बिंदूंवर बसवलेल्या रेषेचा) चढ "दर तास" नव्हे, "दर दिवस" येतो, २४ पट. वेळ दशांशात लिहा (१.५) आणि सुटा.

लंबकर्ण

सरळ नसलेलं नातं सरळ करून घेण्याची माझी आवडती जोडी : लंबकाची लांबी आणि दोलनकाल (एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ). दोरा, टोकाला जड नट किंवा तत्सम काही, आणि घड्याळ.

२५ सेंमी : १.०० से.
५० सेंमी : १.४२ से.
७५ सेंमी : १.७४ से.
१०० सेंमी : २.०१ से.

लांबी चौपट केली की काल दुप्पट. थेट आलेख वक्र येतो. डोळ्याला सरळ आणि वाकडं यातला फरक कळतो, पण एक वक्र वर्गमुळाचा आणि दुसरा लॉगचा हे ओळखता येत नाही. म्हणून उभ्या अक्षावर कालाचा वर्ग घ्या : १.०१, २.०१, ३.०२, ४.०३. लख्ख सरळ रेषा, आरंभबिंदूतून. चढ ४.०३ सेकंद-वर्ग दर मीटर. ३९.४८ (म्हणजे ४π²) भागिले ४.०३ केलं की ९.८, गुरुत्व त्वरण.

एका आंदोलनाची वेळ मोजू नका. बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच, म्हणजे १ सेकंदावर २० टक्के. वीस आंदोलनं मोजून भागा, चूक १ टक्क्यावर येते. झोका लहान ठेवा : १० अंशांपर्यंत काल ०.२ टक्क्याने वाढतो, ३० अंशांना १.७ टक्क्याने.

आता मोजपट्टींनी वर जे लक्षात ठेवायला सांगितलं ते. लांबी टांगलेल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची. कोणी फक्त दोरा मोजला आणि गोळ्याची त्रिज्या १.५ सेंमी असेल, तर प्रत्येक लांबी १.५ सेंमी कमी लागते. चढ तोच राहतो, पण रेषा आरंभबिंदू सोडून उभ्या अक्षाला ०.०६ वर कापते. मागे वाढवलीत तर आडव्या अक्षाला उणे १.५ सेंमीवर. चूक किती आहे ते आलेखच सांगतो.

पण आंदोलनं मोजताना सुरुवातीला "शून्य" म्हणायच्या ऐवजी "एक" म्हटलं तर? १९ आंदोलनांचा वेळ २० ने भागला जातो. प्रत्येक काल ५ टक्के कमी. रेषा तरीही सरळ, तरीही आरंभबिंदूतून! फक्त चढ कमी, आणि त्वरण १०.९ च्या आसपास. ही चूक आलेख कधीच दाखवत नाही. कायम सारखी बेरीज-वजाबाकी होणारी चूक अंतःखंडात पकडली जाते, सारख्या पटीने होणारी चूक चढात लपून बसते.

मोजपट्टी

शेवटचं वाक्य चौकटीत टाकण्यासारखं.

ओघवती

व्यस्त चलनाचं कोणी लिहिलं नाही अजून. ६० किमी अंतर, वेग आणि लागणारा वेळ : २० ला ३ तास, ३० ला २, ४० ला दीड, ६० ला १, १२० ला अर्धा. वक्र दोन्ही अक्षांच्या जवळ जातो, शिवत नाही. यातून जे डोळ्यांना दिसतं ते सूत्रात दिसत नाही : २० वरून ३० वर गेलं की अख्खा तास वाचतो, ६० वरून ७० वर गेलं की ९ मिनिटंही नाहीत. आडव्या अक्षावर वेगाऐवजी १ ÷ वेग घेतलं की सरळ रेषा, आणि तिचा चढ म्हणजे अंतर.

वेगाचीच याहून रंजक जोडी म्हणजे वेग आणि थांबायला लागणारं अंतर. दोन गोष्टींची बेरीज असते : ब्रेक दाबेपर्यंत कापलेलं अंतर (वेगाच्या प्रमाणात) आणि ब्रेक लागल्यावरचं (वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात). प्रतिक्रियेला १ सेकंद आणि ब्रेकने दर सेकंदाला ५ मीटर/से. वेग कमी होतो असं धरा. मग १० मी/से. (ताशी ३६ किमी) ला २० मीटर, २० ला ६०, ३० ला १२०. आलेख वर वळत जाणारा.

इथे नुसता वर्ग घेऊन भागत नाही, कारण दोन पदं आहेत. युक्ती अशी : अंतर ÷ वेग काढा आणि ते वेगासमोर मांडा. २, ३, ४. सरळ रेषा! उभ्या अक्षाला १ वर कापते, तीच प्रतिक्रियेची सेकंदं. चढ ०.१, आणि ०.१ म्हणजे १ ÷ (२ × ५), म्हणून ब्रेकचा आकडाही परत मिळतो. एका आलेखातून दोन्ही भाग वेगळे.

नवखा_क्ष

ट्रेंडलाइनसोबत आर-वर्ग (बिंदू रेषेशी किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) दाखवता येतो ना? तो ०.९५ आला म्हणजे नातं सरळ आहे असं धरायचं का?

ठिपकेवाली

नाही. १ ते १० आकडे आणि त्यांचे वर्ग घ्या. नातं सरळ नाही हे आपल्याला पक्कं माहीत आहे. तरी सरळ रेषा बसवली तर ती येते "११ × क्ष − २२" आणि आर-वर्ग ०.९५. आता प्रत्येक बिंदू रेषेपासून किती दूर ते लिहा : १२, ४, −२, −६, −८, −८, −६, −२, ४, १२. टोकांना वर, मध्ये खाली, सुबक वाटी. योगायोगाने विखुरलेले बिंदू असं करत नाहीत. हे उरलेले फरक वेगळ्या आलेखात मांडायची सवय लावा. तिथे आकार दिसला की रेषा चुकीच्या जातीची आहे.

फ्रान्सिस अॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच मांडले होते : चौघांची सरासरी, प्रचरण (आकडे किती विखुरलेत त्याचं माप), सहसंबंध (०.८१६) आणि बसवलेली रेषा जवळपास तीच. आलेख काढल्यावर एक खरंच सरळ, एक वक्र, एकात एकच बिंदू वाट चुकलेला, आणि चौथ्यात एक बिंदू सोडून सगळे एका उभ्या रांगेत.

ताणलेला

रबरबँड आणि टांगलेलं वजन ही जोडी राहिली. वजनं नसतील तर प्लास्टिकची बाटली टांगा आणि ५०-५० मि.ली. पाणी ओतत जा, ५० मि.ली. म्हणजे ५० ग्रॅम. स्प्रिंग असेल तर मर्यादेपर्यंत सरळ रेषा. रबराचा वक्र मात्र आधी कडक, मग सैल, शेवटी पुन्हा कडक. पाणी काढत परत आलात तर त्याच वाटेने येत नाही : तेवढ्याच वजनाला लांबी जास्त भरते. चढतानाचे आणि उतरतानाचे बिंदू वेगळ्या खुणांनी दाखवा, नाहीतर सगळे एकत्र होऊन नुसता पसरट ढग दिसेल आणि वाटेल की मापंच गचाळ घेतली. दर वेळी वजन घातल्यावर ठरावीक वेळ (३० सेकंद पुरे) थांबून वाचा, रबर हळूहळू ताणत राहतं.

घडा_रिकामा

मोबाइलचं चार्जिंगही घ्या : वेळ आणि टक्के. मधला पट्टा जवळपास सरळ, शेवटच्या भागात आडवा पडतो, कारण लिथियम-आयन बॅटरी भरत आली की विद्युतप्रवाह कमी केला जातो. २० ते ५० टक्क्यांचा चढ धरून १०० कधी होईल हे काढलंत की उत्तर नेहमी लवकरचं येतं. मोजलेल्या पट्ट्याच्या आत अंदाज बांधणं बहुतेकदा चालतं, बाहेर जाताना कारण माहीत हवं.

ओघवती

आणि "नातं आहे" म्हणजे "कारण आहे" नव्हे, हे एका ओळीत. मुलांच्या बुटाचं माप आणि वाचनाची गती यांचे ठिपके छान वर चढत जातात. वय वेगवेगळ्या रंगांनी दाखवा, एकेका रंगात चढ जवळपास नाहीसा होतो.

नवखा_क्ष

शेवटचा प्रश्न. किमान किती मापं घ्यावीत?

लंबकर्ण

सरळ रेषेची खात्री असेल तरी सहा-सात वेगवेगळ्या जागी. दोन बिंदूंतून रेषा जाणारच, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तीनमध्ये एक चुकला तर कोणता ते कळत नाही. वक्र असेल तर दहा-बारा, वाकणापाशी दाट. आणि प्रत्येक जागी एकाच मापावर न थांबता तीन घ्या : सरासरी फुलीने दाखवा, सर्वांत लहान ते सर्वांत मोठं अशी उभी छोटी रेघ फुलीतून काढा. रेषा त्या रेघांना छेदून गेली तर ठीक. बऱ्याच रेघा चुकवून गेली तर माप पुन्हा घेण्याआधी रेषेचा प्रकार बदलून बघा.